नावात शांती, आत काय? जपानी पाहुणी आणि आपले डॉक्टर कोटणीस



दशलक्षण पर्व संपले, क्षमावाणीही झाली. यंदा क्षमावाणीच्या दिवशी आमच्याकडे जी पाहुणी आली तिच्याविषयी लिहायचे म्हणून कितीतरी दिवस घोळत होते. आज जमवलेच.

माझी भाची पुण्यात जपानी भाषा शिकवते. शिकायला म्हणून ती वर्षभर जपानमध्ये राहिली होती, क्योतो शहराजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. त्या बाईंनी तिला लेकीसारखे सांभाळले. कांदा-लसूण-मांस-मासे काही न खाणारी मुलगी परक्या देशात वर्षभर सांभाळणे म्हणजे काय, ते आपल्याला कळते. त्याच बाई भारत बघायला आल्या आणि भाचीचा फोन आला, "मावशी, दोन दिवस सोलापूरला घेऊन येऊ का?"

नको कशी म्हणणार? पण मनात धाकधूक होती. आमचे घर सात रस्त्याजवळ जुन्या पद्धतीचे, सासूबाई नव्वदीच्या, सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या, आणि त्यांचे व्रत-नियम अजून कडक. पाहुणीला काय वाटेल, आणि त्याहून जास्त म्हणजे सासूबाईंना काय वाटेल?

उंबऱ्यावर

रिक्षा चौकात थांबली तेव्हा बाईंनी म्हणे बोटांनी रस्ते मोजले. भाची हसत सांगत होती, "सात खरेच आहेत का ते बघत होत्या!" दारात आल्या, कोणी न सांगता चपला काढल्या, आणि वाकून त्यांची टोके बाहेरच्या बाजूला वळवून नीट जोडून ठेवल्या. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "आपल्या पोरांना दाखव जरा."

जपानमध्ये घरात जोडे नेत नाहीत, दाराशी त्यासाठी जागाच वेगळी असते. नावापुढे 'सान' लावतात, आपल्या 'जी'सारखे. भाची मला मावशी म्हणते हे ऐकून बाई मला 'मावशी-सान' म्हणू लागल्या, आणि दोन दिवस मी मावशी-सानच राहिले. भेटवस्तू चौकोनी कापडात बांधून आणली होती. त्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. आपल्या आज्या शिदोरीचे फडके बांधत तसेच.

आत खाऊ होता. भाचीने आधीच वेष्टन वाचून खात्री केली होती, तरी मी विचारलेच, "यात अंडे, जिलेटिन काही नाही ना?" त्या वड्यांना 'योकान' म्हणतात. अझुकी नावाचे बारीक लाल कडधान्य, साखर, आणि घट्ट होण्यासाठी समुद्री वनस्पतीपासून काढलेला अगर. नावाची गोष्ट मात्र गमतीची आहे. 'योकान' ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो मेंढीच्या मांसाचा रस्सा! चीनमध्ये तो खरोखरच मांसाचा पदार्थ होता. तो जपानमध्ये आला तेव्हा बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्यांनी मांसाच्या जागी कडधान्य घातले. नाव तेच राहिले, आतला पदार्थ बदलला. समुद्रातली वनस्पती म्हणून सासूबाईंनी वडी तोंडात घातली नाही, पण गोष्ट दोनदा सांगायला लावली. "नावात हिंसा, पोटात अहिंसा," त्या म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

दाते पंचांग आणि सम्राटाचे वर्ष

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला दाते पंचांग टांगलेले असते. सोलापूरचेच ते, म्हणून थोडा अभिमानही आहे. बाईंनी विचारले, हे काय? मी सांगितले, आमच्याकडे एकाच दिवसाला तीन वर्षे असतात. इंग्रजी २०२५, शालिवाहन शके १९४७, आणि आमचे वीर निर्वाण संवत २५५१. मला वाटले त्या चक्रावतील. पण त्या लगेच म्हणाल्या, "आमच्याकडे हे रेइवा ७."

मग कळले ते असे. जपानमध्ये सम्राट गादीवर आला की नवा काळ सुरू होतो आणि त्याला नाव दिले जाते. सध्याचे सम्राट नारुहितो १ मे २०१९ रोजी गादीवर आले, तेव्हापासून 'रेइवा'. त्याआधी त्यांचे वडील अकिहितो यांचा 'हेइसेइ', १९८९ ते २०१९. त्याआधी हिरोहितोंचा 'शोवा', १९२६ ते १९८९. त्याआधी 'ताइशो' आणि त्याच्याही आधी 'मेइजी'. सरकारी कागदावर आजही ही वर्षे लिहितात. बाईंचा जन्म शोवा ३६चा, म्हणजे १९६१चा.

परंपरेप्रमाणे नारुहितो हे १२६वे सम्राट. पहिला सम्राट जिम्मू हा सूर्यदेवी अमातेरासूचा वंशज आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वी ६६०, असे जुने ग्रंथ सांगतात. इतिहासकार त्याला कथा मानतात, पण घराणे अतिशय जुने आहे यात वाद नाही. या घराण्याला आडनावच नाही. आणि मैत्रिणींनो, या गादीवर आठ स्त्रियाही बसून गेल्या. पहिली सुइको, इसवी सन ५९२ मध्ये. शेवटची अठराव्या शतकात. ज्या देशाची कुलदेवता सूर्यदेवी, त्या देशात १८८९च्या कायद्याने स्त्रियांना गादी बंद झाली. ती आजतागायत बंदच आहे.

सम्राटाच्या हातात सत्ता किती होती? बहुतेक शतके फारशी नव्हती. आपल्याला हे समजायला सोपे आहे. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे कारभार बघत, तसे क्योतोला सम्राट आणि एदो शहरात 'शोगुन' नावाचा सेनाधिपती. १६०३पासून तोकुगावा घराण्याचे शोगुन अडीचशेहून अधिक वर्षे राज्य करत होते. १८५३ मध्ये अमेरिकेच्या युद्धनौका येऊन थडकल्या, दरवाजे उघडा म्हणाल्या, आणि सगळे हलले. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपवून पंधरा-सोळा वर्षांच्या सम्राटाच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. एदोचे नाव तोक्यो झाले. हाच तो मेइजी काळ.

एका हुकुमाने बंद, एका ताटाने सुरू

जेवणाच्या वेळी खरी मजा आली. कडक भाकरी, शेंगाची चटणी लसणाविना, मुगाची आमटी, तोंडल्याची भाजी. बाईंनी हात जोडले आणि 'इतादाकिमासु' म्हणाल्या. 'मी हे नम्रपणे स्वीकारते' असा त्याचा अर्थ. ज्या जिवांमुळे आणि ज्या हातांमुळे हे ताट समोर आले त्यांची आठवण त्यात असते. ताटात शेवटी एक कण राहिला नाही. वाया जाण्याची हळहळ वाटते त्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, 'मोत्ताइनाइ'.

तिथल्या मठांमध्ये जे जेवण करतात त्याला 'शोजिन र्योरी' म्हणतात. मांस-मासे नाहीत, आणि कांदा, लसूण व त्यांच्या जातीचे उग्र वासाचे पदार्थही नाहीत. हे ऐकून सासूबाई खूश! पण मुळा, बटाटा, कमळकंद चालतात म्हटल्यावर थोड्या हिरमुसल्या. मग बाईंनी सांगितले की बौद्ध भिक्षूंना दुपारनंतर जेवण वर्ज्य होते. थंडीत भूक सोसवेना म्हणून ते गरम केलेला दगड पोटाशी धरत. पुढे संध्याकाळचे थोडे खाणे सुरू झाले, तरी मठात त्याला अजून 'औषधी दगड' याच अर्थाचा शब्द आहे. खिडकीतून ऊन उतरत होते, आमची जेवणे आटोपली होती. सासूबाईंनी पाहुणीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. आपल्याच नात्यातले कोणी भेटल्यासारखे.

पण या जेवणाचा राजाशी संबंध आहे. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने हुकूम काढला की गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातल्या ठरावीक महिन्यांत खायचे नाही. त्यानंतरही असे हुकूम निघत राहिले. मासे चालत, रानातली शिकारही काही लोक करत, पण गाय-बैलाचे मांस खाणे हे शतकानुशतके तिथे अशुद्ध मानले गेले. जवळजवळ बाराशे वर्षे.

आणि मग १८७२च्या सुरुवातीला मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याची बातमी छापून आली. पाश्चात्त्यांसारखे बलवान व्हायचे तर त्यांच्यासारखे खाल्ले पाहिजे, अशी तेव्हाची समजूत. काही श्रद्धाळू उपासकांना हे इतके लागले की ते राजवाड्यात घुसायला निघाले, आणि त्यातले काही पहारेकऱ्यांच्या हातून मेले. त्याच वर्षी सरकारने जाहीर केले की भिक्षूंनी मांस खावे, लग्न करावे, केस वाढवावेत, सरकारची हरकत नाही.

मी भाकरी थापता थापता विचार करत होते. वरून आलेल्या हुकुमाने जे बसते ते वरून आलेल्या ताटाने उठतेही. आपल्याकडे कोणत्या राजाने हुकूम काढला होता? घराघरातल्या बायकांनी पाणी गाळले, धान्य निवडले, दिवस मावळायच्या आत चूल विझवली, म्हणून ते टिकले. मला जरा अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी तो उतरला, ते पुढे सांगते.

ज्याचे कौतुक झाले, त्याचीच भीती वाटू लागली

मेइजी काळात जपानने जी झेप घेतली तिला तोड नाही. शाळा, रेल्वे, गिरण्या, टपाल, सैन्य. १८८९ मध्ये राज्यघटना आली आणि तिने सम्राटाला पवित्र आणि अनुल्लंघनीय ठरवले. १९०५ मध्ये या छोट्या देशाने रशियासारख्या बलाढ्य सत्तेला हरवले तेव्हा भारतभर आनंद झाला. एक आशियाई देश गोऱ्यांना हरवू शकतो, हेच केवढे मोठे होते!

पण जपानने गोऱ्यांकडून आणखी एक गोष्ट शिकून घेतली होती, दुसऱ्याचा देश घेणे. १८९५ मध्ये तैवान. १९१० मध्ये कोरिया. १९३१ मध्ये मांचुरिया. ७ जुलै १९३७ रोजी चीनवर उघड युद्ध, आणि त्याच डिसेंबरात नानजिंग शहरात जे झाले ते लिहिताना आजही हात थांबतो. कैद केलेले सैनिक, साधी माणसे, बाया, मुले. कोणाची गय केली नाही.

मांचुरियापासून पुढचे हे सगळे कोणत्या काळात झाले? 'शोवा' काळात. भाचीला मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. ती पाहुणीकडे बघून थोडी अडखळली, मग म्हणाली, "उजळलेली शांती, मावशी." मला सासूबाईंची योकानची वडी आठवली. इथे उलटे होते. नावात शांती, आत हिंसा.

सोलापूरला याची झळ कशी लागली

तुम्ही म्हणाल, कुठे जपान, कुठे सोलापूर! पण आपले गाव गिरण्यांचे. १९३०च्या सुमारास जपानचे स्वस्त कापड हिंदुस्थानात इतके येऊ लागले की इथल्या गिरण्यांचे कंबरडे मोडायची वेळ आली. शेवटी १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनबाहेरून येणाऱ्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. आमच्या आजेसासूबाई 'जपानी' हा शब्द स्वस्त आणि दिखाऊ या अर्थाने वापरत, असे सासूबाई सांगतात. आज आपण जपानी वस्तू म्हणजे टिकाऊ समजतो. शब्दांचेही दिवस फिरतात.

दुसरी झळ आपल्या समाजातल्या एका थोर माणसाला लागली. शेठ वालचंद हिराचंद दोशी, जन्म सोलापूरचा, १८८२चा. त्यांच्या नावाच्या कॉलेजात आपल्यापैकी कितीतरी जणी शिकल्या. इंग्रजांची मक्तेदारी मोडून त्यांनी सिंदिया कंपनीची जहाजे चालवली. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. सहा महिन्यांत जपान महायुद्धात उतरला. ब्रह्मदेश पडला, अंदमान पडले, आणि ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. कारखान्याच्या कामाला खीळ बसली. विमानाचा कारखाना त्याच महिन्यात सरकारने आपल्या हाती घेतला. तरी वालचंद शेठ खचले नाहीत. विशाखापट्टणमला बांधलेले 'जलउषा' हे जहाज मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

आणि तिसरी गोष्ट डॉक्टर कोटणीसांची.

न्यावे की न न्यावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना गाव दाखवायचे होते. सिद्धेश्वर तलाव, किल्ला, चादरीचे दुकान ठरले. मग यजमान म्हणाले, "आणि कोटणीस स्मारक?" मी त्यांना डोळ्यांनी दटावले. आलेल्या पाहुणीला तिच्याच देशाचे पाप दाखवायला न्यायचे? अतिथीधर्म काही आहे की नाही? पण सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "गावात दुसरे काय दाखवायचे आहे तुला? चादरी तर पुण्यातही मिळतात."

भाचीने बाईंना सगळे समजावून सांगून विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊ या."

भैय्या चौकात डॉक्टरांचे जन्मघर आहे. महापालिकेने तिथे स्मारक केले आहे. ज्या मैत्रिणी सोलापुरात राहूनही गेल्या नसतील त्यांनी एकदा मुलांना घेऊन जरूर जावे. मी स्वतः इतक्या वर्षांत दुसऱ्यांदाच गेले, हे कबूल करते.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. ज्या वर्षी जपानने कोरिया गिळला त्याच वर्षीचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. साम्राज्य म्हणजे काय हे सोलापूरच्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. ते विशीत असताना, १९३० मध्ये, या गावाने लष्करी कायदा सोसला आणि जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्मे फासावर गेलेले पाहिले.

चीनवर हल्ला झाल्यावर तिथले सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली. हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये जपानी माल घेऊ नका असा ठराव केला. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले, निधी जमला, आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. प्रयागचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. सप्टेंबर १९३८च्या सुरुवातीला मुंबईहून बोट सुटली.

विचार करा. स्वतः गुलाम असलेल्या देशाने दुसऱ्याच्या जखमा बांधायला डॉक्टर पाठवले. बंदूक घेऊन नाही, औषधाची पेटी घेऊन.

१९३९च्या आरंभी ते येनान या डोंगराळ भागातल्या ठिकाणी पोहोचले. नंतर प्रत्यक्ष लढाईच्या मुलखात गेले. गुहेत, देवळात, शेतकऱ्याच्या घरात शस्त्रक्रिया. दिवस-रात्र न झोपता जखमींवर उपचार. ते चिनी भाषा शिकले. वडील वारल्याचे तिथेच कळले, तरी परतले नाहीत. डॉ. बेथ्यून या कॅनडातून आलेल्या डॉक्टरांच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथेच काम करणाऱ्या गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलगा झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बाळ काही महिन्यांचे असताना, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय ३२. बाकीचे डॉक्टर घरी परतले, सोलापूरचा मुलगा परतला नाही. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, तो सासूबाईंनी पाहिलेला आहे. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले आहेत.

भाचीने मोबाइलवर डॉक्टरांचे चिनी नाव काढून दाखवले. जपानी लिपीने चीनची अक्षरे घेतलेली आहेत, म्हणून बाईंना ती वाचता येत होती. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले होते. हुआ म्हणजे चीन. मग मुलाचे नाव, 'यिनहुआ'. बाईंनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "हे हिंदुस्थानचे अक्षर. आमच्या वर्तमानपत्रातही भारतासाठी हेच लिहितात." भारत आणि चीन, दोन अक्षरांत एक बाळ.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वाकल्या. आपल्याला भेटताना वाकतात तेवढे नाही, कमरेतून पूर्ण, आणि बराच वेळ. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले की त्यांचे आजोबा त्या वर्षांत सैनिक म्हणून चीनमध्ये होते. परत आले, शेती केली, देवळात जात, कीडामुंगीला जपत. चीनविषयी मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरात कोणी विचारलेही नाही.

इथे माझा आदल्या दिवशीचा अभिमान उतरला. ज्या माणसाच्या देशात बाराशे वर्षे गाय-बैल मारणे अशुद्ध मानले, जो माणूस जेवताना हात जोडत होता, तोही त्या फौजेत होता. ताट शुद्ध असले म्हणजे हात शुद्ध असतातच असे नाही. आपल्यालाही हे लागू आहे ना? आपण पाणी गाळून पितो, पण बोलताना शब्द गाळतो का?

क्षमा कोणाची मागायची?

घरी आलो तर माझा मोबाइल वाजतच होता. 'उत्तम क्षमा', 'उत्तम क्षमा', फुलांची चित्रे, जोडलेले हात. आदल्या दिवशीचे संदेश अजून येत होते. बाईंनी विचारले, हा कसला सण? मी सांगितले, आमच्यात वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतात, कळत-नकळत दुखावले असेल तर.

त्यांनी विचारले, "ज्यांची मागायची ते आता नसतील तर? आणि ज्याने मागायची तोही नसेल तर?"

मला उत्तर आले नाही. बाई सांगत होत्या त्यांच्या देशाचे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राट हिरोहितोंचा आवाज पहिल्यांदा रेडिओवर लोकांनी ऐकला, शरणागती सांगणारा. हिरोशिमा आणि नागासाकी जळून गेले होते. (आपला १५ ऑगस्ट माउंटबॅटननी त्याच शरणागतीच्या स्मरणाने निवडला, हेही लक्षात घ्या.) १ जानेवारी १९४६ रोजी सम्राटांनी आपण देव नाही असे जाहीर केले. १९४७च्या घटनेने ते फक्त राष्ट्राचे प्रतीक राहिले, आणि युद्धाचा हक्क देशाने सोडला. १९९२ मध्ये हिरोहितोंचे पुत्र अकिहितो चीनला गेले आणि जपानने दिलेल्या यातनांबद्दल तिथे दुःख व्यक्त केले. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी स्पष्ट शब्दांत माफी मागितली. तरी वाद संपलेले नाहीत. काहींना वाटते पुरे झाले, काहींना वाटते मनापासून झालेच नाही.

सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तिला सांग, मेलेल्याची क्षमा मागता येत नाही, पण त्याचे नाव विचारता येते. तिने आज विचारले." भाचीने ते सांगितले. बाईंनी सासूबाईंचे हात हातात घेतले. त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आम्ही दोघी स्वयंपाकघरात निघून गेलो.

रात्री मी मोबाइल उघडला. मी स्वतः दोनशेवर जणांना 'उत्तम क्षमा' पाठवले होते. एकच चित्र, सगळ्यांना. त्यात माझ्या धाकट्या जाऊबाईही होत्या. घराच्या वाटणीपासून चार वर्षे आम्ही एकमेकींशी सणाच्या संदेशापलीकडे बोललो नाही. चूक कोणाची ते इथे लिहीत नाही. माझीही होती, एवढे पुरे. दरवर्षी मी चित्र पाठवते, त्या दोन हात जोडलेले पाठवतात. नावात क्षमा, आत काहीच नाही.

बाई पुण्याला गेल्या त्या दुपारी मी फोन लावला. त्यांनी उचलला. मी म्हटले, "अगं, मी बोलतेय. तेव्हा तुझ्या माहेराविषयी मी जे बोलले ते चुकीचे होते." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग उडदाच्या पापडांची. मग मी रडले.

मैत्रिणींनो, क्षमावाणी होऊन गेली म्हणून तारीख गेली असे काही नाही. आणि सात रस्त्यावरून जाताना कधी रिकामा वेळ असला, तर भैय्या चौकापर्यंत जाऊन या.

जय जिनेंद्र.